घशातला जंतू रूप बदलत राहतो, तरी त्याची पकड सुटत कशी नाही?

उत्तरेश्वर_पेठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबून मांडते, सांभाळून घ्या.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखून ताप आला, चार दिवसांत उतरला आणि आम्ही विसरूनही गेलो. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर घोटा, मग मनगट. इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की हृदयाची मायट्रल झडप गळतेय. र्‍हुमॅटिक फीवर. घशातल्या ए गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूनंतर सांधे आणि हृदय बाधणारा आजार. तेव्हापासून दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. कुपीतल्या पांढऱ्या पुडीत पाणी घालून हलवलं की ते दुधासारखं दिसतं, आणि सुई जाड असूनही मधेच तुंबते. मुलगी दात आवळून पडून राहते.

परवा तिनं विचारलं, "आई, कांजिण्या एकदा झाल्या की परत होत नाहीत. मग हा जंतू परत येईल म्हणून मला इतकी वर्षं इंजेक्शन का? आणि याची लस का नाही?" आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की या जंतूच्या अंगावर एम प्रथिन नावाचे केस असतात आणि त्याचे दोनशेच्या वर प्रकार आहेत. याच केसांनी तो आपल्या रक्तातली प्रथिनं धरून ठेवतो, असंही ते म्हणाले. मी इथंच अडकले. धरायची वस्तू सगळ्यांच्या रक्तात एकच आहे, मग धरणारा हात दोनशे तऱ्हांनी बदलला तरी पकड टिकते कशी? कुलूप एक आणि किल्ल्या दोनशे, हे मला पटेना. कुणी समजावून सांगेल का?

काचपट्टी

ताई, मी राजारामपुरीत सूक्ष्मजीव तपासणीच्या लॅबमध्ये २२ वर्षं आहे. किल्ल्यांचं उत्तर जाणकार देतील, पण जंतू रक्तातलं प्रथिन धरतो हे मी रोज डोळ्यांनी बघते, ते सांगते.

माझा जंतू तुमच्या मुलीच्या जंतूहून वेगळा, पण धरण्याची रीत तीच. पू किंवा जखमेतून स्टॅफिलोकॉकस आला की तो ऑरियस या जातीचा आहे का हे बघायचं असतं. काचपट्टीवर सलाइनचा थेंब घ्यायचा, त्यात थाळीवर उगवलेली जंतूंची वसाहत घोळवायची. छान गढूळ, एकसारखं दिसतं. मग त्यात प्लाझ्माचा (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाचा) थेंब टाकायचा आणि पट्टी हलवायची. ऑरियस असेल तर दहा सेकंदांच्या आत दूध फाटावं तसे पांढरे कण दिसायला लागतात. जंतूच्या अंगावरचा क्लंपिंग फॅक्टर प्लाझ्मातलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) धरतो, आणि एकाच फायब्रिनोजेनला दोन-दोन जंतू चिकटले की गुठळी दिसते. नवीन मुलगी कामाला आली की मी तिला पहिल्या दिवशी हेच दाखवते. पुस्तकातलं वाक्य डोळ्यांपुढे घडताना दिसलं की ते विसरत नाही.

शिवाजीपेठ_एक

वाचतोय. धागा पहिल्या पानावर राहू दे.

लेकरांचा_डॉक्टर

ताई, मुलीच्या प्रश्नातला अर्धा भाग मी घेतो.

एखाद्या प्रकाराच्या एम प्रथिनाविरुद्ध आपलं शरीर प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून धरणारी प्रथिनं, बनवतं, आणि ती वर्षानुवर्षं टिकतात. रेबेका लान्सफील्ड या बाईंनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९२८ च्या सुमारास एम प्रथिन दाखवून दिलं, आणि प्रतिपिंडं दशकानुदशकं टिकतात हेही नंतर त्यांनीच दाखवलं. पण ही प्रतिपिंडं मुख्यतः केसाच्या टोकाला ओळखतात, आणि बदलतं ते टोकच. एम १ चा घसा होऊन गेला म्हणजे एम १२ पासून संरक्षण मिळालं असं होत नाही. कांजिण्यांच्या विषाणूचं तसं नाही, तो पिढ्यान्पिढ्या जवळपास एकच राहतो.

वैद्यकात जुनं वाक्य आहे, हा आजार सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे पूर्ण बरे होतात, म्हणून घरच्यांना वाटतं की संपलं. दुसरा झटका झडपेला आणखी खराब करतो. तो येऊ नये म्हणून २१ दिवसांची तारीख. एक दिलासा आहे. इतकी दशकं वापरूनही पेनिसिलिनला दाद न देणारा हा जंतू दवाखान्यात आजवर मिळालेला नाही.

सरळमार्गी

डॉक्टरसाहेब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण एक बोलतोच. माझ्या भाचीचे सांधे दुखत होते, रक्तात एएसओ (या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं) वाढलेला आला, आणि एका ठिकाणी सरळ सांगितलं की पाच वर्षं इंजेक्शन घ्या. आम्ही आठ महिने घेतली. पोर इंजेक्शनच्या भीतीनं आदल्या दिवसापासून जेवत नव्हती. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी इको केला, सगळं तपासलं आणि म्हणाले, हा आजारच नाही. मग एवढी इंजेक्शनं कशासाठी टोचली?

लेकरांचा_डॉक्टर

@सरळमार्गी, तुमचा राग रास्त आहे. एएसओ वाढलाय म्हणजे या जंतूशी मागच्या काही महिन्यांत गाठ पडली होती, एवढंच. आपल्याकडं शाळकरी मुलांत तो वाढलेला सापडणं अगदी नेहमीचं आहे. निदान जोन्स निकषांवर करायचं असतं: हृदय, सांधे, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, अंगावरचे विशिष्ट चट्टे, कातडीखालच्या गाठी, आणि सोबत जंतूचा पुरावा. २०१५ मध्ये ते सुधारले, त्यात इकोला मोठं स्थान आहे. नुसत्या एएसओवर इंजेक्शन सुरू करणं चूक. तितकंच चूक म्हणजे खरा आजार असताना तारीख चुकवणं. ताईंच्या मुलीच्या झडपेची गळती इकोत दिसलीय, तिची गोष्ट वेगळी आहे. कृपया हा प्रतिसाद वाचून कुणी आपलं चालू इंजेक्शन परस्पर बंद करू नका.

प्रथिनवेडी

मूळ कोल्हापूरची, शिवाजी विद्यापीठातून सूक्ष्मजीवशास्त्र केलं, सध्या पुण्यात प्रथिनांच्या रचनेवर काम करते. उत्तरेश्वर_पेठ ताई, तुमचा प्रश्न वाचून मला जेवण गेलं नाही. या विषयातला हाच तर कळीचा प्रश्न आहे.

आधी केस काय आहे ते बघू. एम प्रथिन म्हणजे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले, दोरीसारखे. लांबी साधारण ५० ते ६० नॅनोमीटर. मूळ जंतूच्या भिंतीत रुतलेलं, टोक बाहेर. मुळाकडचा भाग सगळ्या प्रकारांत जवळपास सारखा, आणि टोकाकडं जावं तसा फरक वाढत जातो. प्रकार ठरवायला एम्म नावाच्या जनुकाच्या टोकाकडचा तुकडाच वाचतात.

हा केस नुसता लोंबत नसतो. कुठल्या प्रकारात फायब्रिनोजेन धरतो, कुठल्यात प्रतिपिंडांची शेपटी, कुठल्यात प्लाझ्मिनोजेन (गुठळी विरघळवणाऱ्या प्रथिनाचं निद्रिस्त रूप). बऱ्याच प्रकारांत टोकाला सी-फोर-बी-पी नावाचं प्रथिन धरतो. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची फौज असते, ती परक्या पेशीला भोकं पाडते किंवा खूण करून पांढऱ्या पेशींच्या हवाली करते. ही फौज आपल्याच पेशींवर उलटू नये म्हणून तिला आवरणारी प्रथिनं असतात, सी-फोर-बी-पी त्यातलंच. जंतू ते ओढून अंगावर पांघरतो, आणि फौज त्याला घरचा समजून सोडते.

आता पेच बघा. टोक बदललं नाही तर प्रतिपिंडं पकडतात. वाटेल तसं बदललं तर सी-फोर-बी-पी सुटतं आणि कॉम्प्लिमेंट मारतं. दोन्हीकडून मरण. मग हे जमतं कसं? रात्री सविस्तर लिहिते, आता बस पकडायचीय.

तालमीतला

त्या ताई येईस्तोवर मी बोलू का? मातीत ४० वर्सं गेली, आता पोरास्नी शिकवतो. हात बदलला तरी पकड ऱ्हाती, हे आमच्यात रोजचं हाय.

माझ्याकडं पन्नास पोरं हायत. कुणाची बोटं आखूड, कुणाची लांब, एकाचं करंगळीचं हाडच वाकडं बसलंय. घामानं आणि तेलानं मनगट असं निसटतं की बगायला नको. पर मनगट धरलं की आंगठा कुठं पडतो आणि त्याच्यासमोर दोन बोटं कुठं रुततात, ती जागा पन्नास पोरांत एकच. बाकीचा पंजा कसाबी असू दे. नवीन पोरगं आख्खा पंजा आवळतं आणि दमतं. जाणतं पोरगं त्या दोन-तीन जागा धरतं, की समोरचा हालत न्हाई.

जंतूचंबी असंच काय असंल का?

रंकाळा_फेरी

वस्ताद, नाद खुळा! शाळेत असं शिकवलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं.

प्रथिनवेडी

वस्ताद, मी बसमध्ये तुमचा प्रतिसाद वाचला आणि दोन थांबे पुढं गेले. तुम्ही सांगितलंत तेच अगदी.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांनी चार वेगवेगळ्या प्रकारांची एम प्रथिनं, एम २, २२, २८ आणि ४९, सी-फोर-बी-पीच्या तुकड्यासह स्फटिकात बसवून क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली. प्रथिनाचे मणी म्हणजे अमिनो आम्लं, त्यांची अक्षरं शेजारी शेजारी मांडली तर चौघांत साम्य दिसत नाही. पण रचनेत बघितलं की धरण्याच्या जागी मोजकीच अमिनो आम्लं काम करतात, आणि ती चौघांतही मिळत्याजुळत्या जागी येतात. मधली अक्षरं मोकाट बदललेली. आंगठा आणि दोन बोटं जागेवर, बाकी पंजा कसाही. आपली प्रतिपिंडं सहसा तो 'बाकी पंजा' ओळखतात, म्हणून नवा प्रकार त्यांना अनोळखी वाटतो.

तेव्हा ताई, किल्ल्या दोनशे आहेत, पण कुलूप उघडणारे दात बऱ्याच किल्ल्यांना तेच आहेत. सगळ्यांना मात्र नाहीत. काही प्रकार सी-फोर-बी-पी धरतच नाहीत, एम १ चा भर फायब्रिनोजेनवर असतो. २०१४ मध्ये १७५ प्रकारांची छाननी करून त्यांचे ४८ गट पाडले गेले, आणि एका गटातले प्रकार साधारण तीच रक्तप्रथिनं धरतात असं दिसलं. शेकडो चेहऱ्यांमागं धरायच्या रीती कमी आहेत.

गोठा_कागल

जनावरांचा डॉक्टर आहे, कागल भागात. या धाग्यावर म्हशीचं नाव निघालं नाही हे मला चालणार नाही.

लान्सफील्डबाईंनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकसचे ए, बी, सी असे गट पाडले तेव्हा त्यांच्यापुढं माणसांचे, गाईंचे, दुधातले, चीजमधले असे सगळे नमुने होते. ए माणसाचा, बी गाईगुरांचा, असं ते वर्गीकरण. आम्ही ज्याला दगडी म्हणतो, म्हणजे कासदाह, त्यातला एक नेहमीचा गुन्हेगार स्ट्रेप्टोकॉकस डिसगॅलॅक्टी. त्याच्याही अंगावर जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडं, अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन), फायब्रिनोजेन धरणारी प्रथिनं असतात. कास सुजली की रक्तातली प्रथिनं दुधात झिरपतात, जंतूला पांघरूण तिथंच मिळतं. काळ्या तळाच्या वाटीत पहिल्या चार धारा काढून बघा, पांढऱ्या गुठळ्या लगेच दिसतात.

शेतकरी मित्रांसाठी एक सांगतो. धार काढल्यावर म्हैस लगेच बसू देऊ नका, पुढ्यात वैरण टाका. सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं.

शिवाजीपेठ_एक

डॉक्टर, मग गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितो त्यातून ताईंच्या मुलीचा जंतू येतो का? आमच्या आजोबांपासून पितोय, काही झालं नाही.

गोठा_कागल

ताईंच्या मुलीचा जंतू माणसाचा, तो माणसाच्या घशातून शिंतोड्यांनी येतो. जुन्या काळी धार काढणाऱ्याचा घसा आला असताना दुधातून साथी पसरल्याच्या नोंदी आहेत, पण मूळ तिथंही माणूसच. कच्च्या दुधाची मला भीती वाटते ती ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूची आणि क्षयाची. मी स्वतः याच पाण्यावर वाढलोय, कट्ट्याचा अभिमान मलाही आहे. पण माझ्या नातवाला मी उकळूनच देतो.

शिवाजीपेठ_एक

फेस आलेल्या कोमट दुधाला उकळलेल्याची सर नाही, यावर मी ठाम आहे. पण लहान पोरांचं तुमचं ऐकतो.

रंकाळा_फेरी

अवांतर आहे, पण विचारतो. वडिलांना १९९८ मध्ये हृदयविकाराचा झटका आला तेव्हा स्ट्रेप्टोकायनेज दिलं होतं. आता त्यांना पेसमेकर आहे. नावात स्ट्रेप्टो आहे म्हणजे हाच जंतू का? आणि पेसमेकर असल्यावर काही काळजी घ्यायची का?

प्रथिनवेडी

@रंकाळा_फेरी, हे अजिबात अवांतर नाही.

स्ट्रेप्टोकायनेज याच कुळाचं. रक्ताची गुठळी हे जंतूसाठी कुंपण असतं. ते विरघळवायला जंतू हे सोडतो, आणि ते आपल्या रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनला चालू करतं. १९३३ मध्ये टिलेट यांच्या हे लक्षात आलं, पुढं त्याचंच औषध झालं. कातडीवर राहणाऱ्या काही प्रकारांचं एम प्रथिन प्लाझ्मिनोजेन थेट अंगावर धरतं, आणि त्यांचं स्ट्रेप्टोकायनेजही त्याला साजेशा रूपाचं असतं. दोन्ही जनुकं जोडीनं बदलत आलेली दिसतात. हे हत्यार माणसाच्या प्लाझ्मिनोजेनवरच नीट चालतं. २००४ मध्ये उंदरांत माणसाचं प्लाझ्मिनोजेन बनवणारं जनुक घातल्यावर ते उंदीर या जंतूला कितीतरी जास्त बळी पडले.

पेसमेकरचा प्रश्न वेगळ्या जंतूचा, काचपट्टी ताईंच्या ऑरियसचा. शरीरात घातलेल्या यंत्रावर रक्तातलं फायब्रोनेक्टिन बसतं, आणि ऑरियसकडं ते धरणारं प्रथिन असतं. २०११ मध्ये एक सुंदर काम झालं. सुईच्या टोकाला फायब्रोनेक्टिन लावून ते जिवंत जंतूला टेकवायचं, ओढायचं आणि सुटायला किती बळ लागतं ते मोजायचं. यंत्राला संसर्ग झालेल्या रुग्णांतल्या जंतूंची पकड जास्त घट्ट निघाली, आणि त्यांच्या त्या प्रथिनात तीन ठरावीक जागी अमिनो आम्लं बदललेली जास्त सापडली. तीन अक्षरांचा फरक.

वडिलांच्या यंत्रावरची कातडी लाल, गरम झाली किंवा ताप येत राहिला, तर घरगुती उपाय न करता थेट हृदयरोगतज्ज्ञांकडं न्या.

तालमीतला

एक इचारू? पकड एका जंतूची दुसऱ्याला मिळती का? आमच्यात एका तालमीचा डाव दुसऱ्या तालमीतलं पोरगं बगून उचलतं.

प्रथिनवेडी

मिळते, वस्ताद. स्ट्रेप्टोकॉकसच्या सी आणि जी गटांकडं प्रोटीन जी आहे, ते प्रतिपिंडही धरतं आणि अल्ब्युमिनही. फिनेगोल्डिया मॅग्ना हा लांबच्या नात्यातला दुसराच जंतू. त्याच्या एका प्रथिनात अल्ब्युमिन धरणारा तुकडा प्रोटीन जीमधल्या तुकड्याशी इतका जुळणारा निघाला की तो उसना आलेला आहे हे मानावंच लागलं. १९९४ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे मांडलं. जनुकाचा तेवढाच तुकडा उचललेला. तुमचा उचललेला डाव.

काचपट्टी

ऑरियसच्या प्रोटीन ए चं राहिलं. ते प्रतिपिंडाला उलटं धरतं, शेपटीकडून, म्हणजे पांढऱ्या पेशींनी जिथं धरायचं तीच बाजू अडवतं. याच्या स्पा जनुकात छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची संख्या आणि क्रम जंतूगणिक वेगळा. एखाद्या वॉर्डात चार रुग्णांना ऑरियस झाला तर तो एकाकडून दुसऱ्याकडं गेला की वेगवेगळा आला, हे त्यावरून काढता येतं.

सरळमार्गी

सगळं वाचलं, पटलं. पण मुलीचा दुसरा प्रश्न राहिलाच की. लस का नाही? धरायच्या जागा सारख्या आहेत हे कळलंय तर तिथंच नेम धरा ना.

लेकरांचा_डॉक्टर

नेम धरणं चालू आहे. ३० प्रकारांची टोकं एकत्र करून एक लस बनवली गेली, आणि मुळाकडच्या न बदलणाऱ्या भागावर ऑस्ट्रेलियात वेगळी. पहिलीची अडचण अशी की श्रीमंत देशांत मोजकेच प्रकार बहुतेक आजार करतात, आपल्यासारख्या देशांत एकाच गावात कितीतरी प्रकार एकदम फिरत असतात.

दुसरी अडचण भीतीची. एम प्रथिनाचे काही भाग हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनासारखे दिसतात, त्यामुळं लसच आजार करील की काय ही शंका. १९६९ मध्ये एका प्रयोगात लस दिलेल्या काही मुलांना र्‍हुमॅटिक फीवर झाल्याचं छापून आलं. १९७९ पासून २००५ पर्यंत अमेरिकेत या जंतूपासून लस बनवण्यावर बंदीच होती. २६ वर्षं वाया गेली, आणि हा आजार गरिबांच्या मुलांचा म्हणून कुणाला त्याची फार घाईही नव्हती. मी हे फार वर्षं बघतोय, म्हणून स्पष्ट लिहितो.

प्रथिनवेडी

भर घालते. मेनिंगोकॉकस बी हा मेंदूज्वराचा जंतू फॅक्टर एच हे रक्तप्रथिन धरतो. त्याचं धरणारं प्रथिनही बदलतं, पण त्याची दोनच मोठी घराणी आहेत. एका लसीत दोन्ही घराण्यांतलं एकेक रूप घातलंय, आणि ती वापरात आहे. म्हणजे वाट अशक्य नाही. ऑरियसवर मात्र क्लंपिंग फॅक्टर घातलेली लस २०१८ मध्ये चाचणीतच थांबवावी लागली, उपयोग दिसेना.

उत्तरेश्वर_पेठ

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? काल रात्री हा धागा मुलीला वाचून दाखवला. वस्तादांचं वाचल्यावर तिनं उठून माझं मनगट धरलं आणि आंगठा कुठं पडतो ते बघत बसली. मग तिच्या बाबांचं, मग आजीचं.

इंजेक्शन परवा आहे. नर्सताईंनी सांगितलं म्हणून आम्ही आधी दहा मिनिटं बर्फ लावतो आणि कुपी हातात धरून अंगाच्या उबेला आणतो, त्यानं कळ थोडी कमी होते असं ती म्हणते.

तिचा नवा प्रश्न असा: "माझ्या घशात आलेल्या जंतूचा नंबर कोणता होता?"

काचपट्टी

बाळाला सांगा, तो नंबर कुणी काढलेला नसणार. सांधे सुजतात तेव्हा घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात, कापसाच्या बोळ्यावर जंतू बहुतेक वेळा उगवतच नाही. आणि उगवला तरी आमच्यासारख्या लॅबमध्ये आम्ही तो ए गटाचा आहे इतकंच लिहितो. मग थाळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, जाते.

तिला घेऊन एकदा लॅबमध्ये या. ब्लड अगरवर (रक्त घातलेल्या थाळीवर) या जंतूभोवती रक्त विरघळून काचेसारखं कडं पडतं, ते दाखवते. काचपट्टी तिलाच हलवू देते, ऑरियसची, हातमोजे घालून.

उत्तरेश्वर_पेठ

शनिवारी चालेल का? इंजेक्शननंतर एक दिवस ती लंगडते, शनिवारपर्यंत नीट चालेल.

काचपट्टी

चालेल. अकराच्या सुमारास या, तोवर सकाळच्या थाळ्या वाचून होतात.